त्र्याऐंशी फाइली आणि आत्याचं 'स्वामी'

१२ फेब्रुवारी २०२४ ला डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत्याला समोर बसवून सांगितलं, की गेलेली नजर परत येणार नाही. मोतीबिंदू असता तर ऑपरेशन करून मोकळं होता आलं असतं. हा काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस सुकत जाते आणि नजर कडेकडेनं आत आक्रसत येते. रोजचे थेंब घालायचे ते उरलंसुरलं राखायला. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर मला म्हणाली, "मग 'स्वामी' आता कोण वाचायचं?"

ज्या घरात आत्यासारखं वाचनवेडं माणूस आहे आणि त्याची नजर चालली आहे, त्या घरासाठी हे लिहितेय. आम्हाला कुठून सुरुवात करायची तेच कळत नव्हतं.

आधी त्या पुस्तकाबद्दल. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली, १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं अंगावर आलेले थोरले माधवराव, त्यांची रमा, आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला झालेला शेवट. पानिपतात मोडलेलं राज्य त्या अकरा वर्षांत या माणसानं पुन्हा उभं केलं, आणि आतून क्षय त्याला खात होता. मराठी घरात हे पुस्तक माहीत नाही असं सहसा होत नाही. पण आमच्या बीडकडे ते जरा वेगळं वाचलं जातं, असं मला आत्याकडे बघून वाटत आलंय. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण सुटलो तेव्हा आत्या दोन वर्षांची होती. त्यानंतर चौदाच वर्षांनी ही कादंबरी आली. तिच्यातला निजाम पुण्याच्या वाचकाला इतिहासातला. आमच्या आजोबांनी त्याच घराण्याच्या तहसिलीत सारा भरला होता. आणि कादंबरीत माधवराव निजामाशी लढतात ते राक्षसभुवन आमच्याच जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात.

आत्याची प्रत मामांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, १९६८ साली आणून दिलेली. पुढे कव्हर गेलं, मग मामांनीच पुठ्ठा लावून निळं कापड डकवलं. १९७७ ला सात महिने अंथरुणाला खिळून मामा गेले. आत्या एकतीस वर्षांची, पदरात दोन लेकरं. ती प्राथमिक शिक्षिका झाली, सत्तावीस वर्षं नोकरी केली. दर उन्हाळ्याच्या सुटीत 'स्वामी' वाचायची हे आमच्या घरात लोणच्याइतकं ठरलेलं. दूरदर्शनवर 'स्वामी'ची मालिका लागायची तेव्हा गल्लीत एकच टीव्ही होता, आणि आत्या त्या घरी सगळ्यांत पुढे बसायची. मला आठवतंय, माधवराव झालेल्या रवींद्र मंकणींनी एखादं वाक्य म्हटलं की ती पुस्तकातलं पुढचं वाक्य हळूच म्हणायची.

मोबाईलवर ऐकायची पुस्तकं मिळतात हे मला माहीत होतं. पण तिला टचस्क्रीन जमेना. बोट कुठे टेकवायचं ते दिसत नाही आणि कुठेही टेकलं तरी काहीतरी सुरू होतं. आठवडाभर प्रयत्न करून तिनं फोन बाजूला ठेवला. "तू वाच," म्हणाली. मी रोज जाऊन वाचणं शक्य नव्हतं. माझी जिल्हा परिषदेची शाळा, घर, दोन गावांत नऊ किलोमीटरचं अंतर. तेव्हा ठरवलं की आवाज भरून द्यायचा. पूर्ण पुस्तक.

मनात पहिली भीती कायद्याची होती. रणजित देसाई १९९२ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं प्रताधिकार (कॉपीराइट) असतो, म्हणजे हे पुस्तक २०५२ संपेपर्यंत मोकळं नाही. माझ्या एका वकील वर्गमित्रानं कायदा काढून दाखवला. प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ५२ (१) (झेडबी) आलंय. ज्याला अपंगत्वामुळे छापील पुस्तक वाचता येत नाही, त्याच्या खासगी वापरासाठी कुणीही ते ऐकता येईल अशा रूपात करून देऊ शकतो. परवानगी लागत नाही. मात्र ते अशा माणसांपुरतंच. यूट्यूबवर टाकायचं नाही, व्हॉट्सअॅपवर फिरवायचं नाही. पुढे घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी मागितलं तेव्हा मी नाही म्हणाले. दोघी बहिणी रुसल्या. त्यांना म्हटलं, पुस्तक विकत घ्या, ते अजून मिळतंय. मी स्वतःही नवी प्रत मागवली, टपालासह ४२५ रुपये, कारण आत्याच्या प्रतीतली काही पानं कडेला झडली होती.

९ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या पहाटे, पहिली फाइल भरली. पहिले पंधरा दिवस नुसते चुका करण्यात गेले. फोन टेबलावर ठेवून वाचलं तर खोलीचा घुमारा येतो. मग दिवाणावर वाकळ पसरली, मागे भिंतीला गोधडी टांगली, आणि ८९९ रुपयांचा कॉलरला लावायचा माइक घेतला. आवाज एकदम जवळ आला. आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलर चालू असला की रेकॉर्डिंगमध्ये नदी वाहत असल्यासारखं ऐकू येतं. म्हणून पहाटे साडेचारची वेळ धरली. सव्वापाचला देवळाचा भोंगा, सहाला पाण्याचा टँकर. त्या वर्षी टँकरवरच सगळी भिस्त होती. हातात पाऊण तास. तेवढ्यात दोन फाइली व्हायच्या.

ज्यांना हे करायचंय त्यांना सांगते. फोन एअरप्लेन मोडवर टाकाच. वाचायची पानं आदल्या रात्री एकदा मनात वाचून ठेवा, नाहीतर लांब वाक्याच्या मध्यावर श्वास संपतो. चुकलात तर थांबून एक टाळी वाजवा आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हणा. नंतर कापताना टाळीची रेघ स्क्रीनवर उंच दिसते, शोधत बसावं लागत नाही. एक फाइल पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका. आणि प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला तिचा आकडा मोठ्यानं म्हणा, कारण ऐकणाऱ्याला तो कुठेच दिसणार नसतो.

पहिल्या दहा फाइली घेऊन आत्याकडे गेले. तिनं दोनच मिनिटं ऐकलं आणि हात वर केला.

"फडणीस कसं वाचायलीस?"

मी पुन्हा म्हटलं.

"ओठ मिटव. फ म्हणताना ओठ मिटायला पाहिजेत. फड, फेटा, फूल. तुझा इंग्रजीतला एफ आहे. नाना फडणीसाला एफ नव्हता."

मी स्वतः शिक्षिका, वीस वर्षं पोरांना मराठी शिकवतेय, आणि मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. आत्यानं माझा हात धरून आपल्या ओठांपाशी नेला आणि "फड" म्हणाली. बोटांना वाऱ्याचा लहानसा धक्का लागला. मग "फौज" म्हणाली, वडील उर्दूत म्हणायचे तशी, ओठ न मिटता. वारा सलग लागला. "दोन्ही बरोबर, पण ज्याचं त्याला." दहाच्या दहा फाइली मी पुन्हा भरल्या. मसलत, रदबदली, तहनामा, जासूद असले शब्द तिला घरचेच होते. पेशव्यांच्या दरबारातली निम्मी भाषा आमच्या आजोबांच्या तोंडात होती, असं ती म्हणते. मला ते ऐकताना पटत गेलं.

१३ मेच्या मतदानाच्या ड्यूटीमुळे तीन आठवडे काम बंद पडलं.

त्याच सुमारास कळलं की ऑनलाइन 'सुगम्य पुस्तकालय' नावाचं एक वाचनालय आहे. २०१६ पासून चालू आहे, आणि ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांना तिथली पुस्तकं मोफत मिळतात. तिथं नाव घालायचं तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवं. एका 'स्वामी'वर आत्या किती दिवस काढणार? म्हणून ते प्रमाणपत्र आणि त्याच्याबरोबरचं कार्ड यांच्या मागे लागलो. आत्याला हे आवडलं नव्हतं. "अपंग कशाला म्हणवून घेऊ," असं तिचं म्हणणं. दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. मग स्वतःच म्हणाली, "पुस्तकं मिळणार असतील तर कर."

१४ जूनला त्यासाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला. आधार, फोटो, रहिवासी पुरावा, सही. सहीसाठी आत्यानं कागदावर तीनदा प्रयत्न केला, अक्षरं एकमेकांवर चढत होती. सत्तावीस वर्षं शाळेच्या हजेरीवर सही केलेली बाई. शेवटी मी तिच्या कागदावर पोस्टकार्डाची कड आडवी धरली. त्या कडेच्या आधारानं तिनं सरळ सही केली. ही युक्ती बँकेतही चालते.

नोंदणी क्रमांक मेसेजनं आला. जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात तपासणीचा वार बुधवार. ३ जुलैला गेलो तर डोळ्यांचे डॉक्टर रजेवर. हे आधी फोनवर कळलं असतं तर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचे सहा तास वाचले असते. तेव्हा निघण्याआधी फोन करा, आणि तो उचलला नाही तर ओळखीतल्या कुणाला तरी खिडकीवर पाठवून विचारा. १० जुलैला पुन्हा. या वेळी फील्ड टेस्टचा, म्हणजे नजर आजूबाजूला किती पोचते त्या तपासणीचा, रिपोर्ट मागितला, आणि तिथलं मशीन बंद होतं. काचबिंदूत ही टेस्ट महत्त्वाची, कारण सरळ समोरचं अक्षर कधी कधी दिसतं, पण आजूबाजूचं काहीच दिसत नाही. नुसत्या तक्त्यावर तपासलं तर अपंगत्व कमी भरतं. बाहेर खासगीत १,००० रुपये देऊन टेस्ट केली. चांगल्या डोळ्याचं क्षेत्र दहा अंशांच्याही आत होतं. कायद्यानं ते अंधत्वात धरतात. २४ जुलैला तिसरी फेरी, आणि काम झालं. प्रवासाचा खर्च मात्र फार नव्हता. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट, आणि माझं अर्धं तिकीट.

१९ ऑगस्टला पोर्टलवर प्रमाणपत्र दिसलं. प्रत्यक्ष कार्ड पोस्टानं यायला ६ नोव्हेंबर उजाडला, पण त्यासाठी थांबायची गरज नाही. डाउनलोड करून छापलेली प्रत चालते. कार्डाला रंग असतात. अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली असेल तर पांढरं, त्यावर पिवळं, ऐंशीपासून पुढे निळं. आत्याचं निळं. तिनं ते हातात घेऊन विचारलं, "कुठल्या रंगाचं आहे?" मी सांगितल्यावर म्हणाली, "पुस्तकाच्या कापडासारखं?" मी कार्ड पुस्तकाशेजारी धरून पाहिलं. जवळजवळ तसंच होतं.

आता ऐकायच्या यंत्राबद्दल, कारण मला सगळ्यांत जास्त वेळ त्यातच लागला. भजनं ऐकायला पेनड्राईव्हचा छोटा स्पीकर मिळतो, ६५० रुपयांचा, त्याला खरी दाबायची बटणं असतात. तो घेतला. पण बंद केला की तो कुठवर आलो ते विसरतो आणि पुन्हा पहिल्या फाइलपासून सुरू होतो. ऐंशी फाइली असतील तर ऐंशीदा बटण कोण दाबणार? म्हणून चार पेनड्राईव्ह केले, प्रत्येकी २८० रुपये. प्रत्येकाला दोरा बांधला. पहिल्याच्या दोऱ्याला एक गाठ, दुसऱ्याच्या दोन, अशा चारपर्यंत. आतली मोजणी आत्यानं स्वतःच बसवली. खाटेशेजारी दोन वाट्या, एकीत चिंचोके. एक फाइल ऐकून झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या वाटीतले चिंचोके मोजायचे आणि तेवढ्यांदा पुढचं बटण दाबायचं. पेनड्राईव्ह बदलला की वाटी रिकामी. तिचं कधी चुकलं नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडे जो पाऊस झाला, त्यात पत्र्याच्या आवाजानं आठवडाभर एकही फाइल धड झाली नाही. मग रोज दोन-दोन फाइलींचा नेम धरला. २७ ऑक्टोबरला ८२ व्या फाइलशी आले आणि तिथे थांबावं लागलं.

कारण सांगते. पहिल्याच दिवशी आत्या म्हणाली होती, "शेवटचं थेऊर मी सांगेन तेव्हाच वाच." मला वाटलं होतं, उत्सुकता राखून ठेवायलीय. पण ८२ वी फाइल भरताना जुनी प्रत शेजारी होती आणि माझं लक्ष पानांच्या कडेकडे गेलं. सगळ्या पुस्तकाची कड अंगठ्याच्या घामानं तपकिरी झालेली, काही ठिकाणी तर मऊ कापडासारखी. आणि अगदी शेवटी थोडी पानं पांढरी. कोरी म्हणावीत इतकी. १९६८ पासून ते पुस्तक घरात आहे.

मी तिला विचारलं नाही. विधानसभेच्या निवडणुकीची ड्यूटी आली, ती केली. नोव्हेंबरच्या शेवटी आत्या म्हणाली, "मला एकदा राक्षसभुवनला ने."

८ डिसेंबरला गेलो. रविवार मुद्दाम धरला. तिथं शनीचं ठाणं आहे, शनीच्या साडेतीन पीठांत धरतात, आणि शनिवारी गर्दीत आत्याला चालवत नेणं झेपलं नसतं. गाडी ३,५०० रुपयांत ठरली. घाटावर तिला खुर्ची टाकून दिली. गोदावरीला पाणी होतं, ऊन कोवळं होतं.

"पाणी कुठल्या हाताला?"

मी तिचा हात धरून उत्तरेकडे केला.

"म्हणजे निजाम तिकडं. आणि विठ्ठल सुंदर इकडं, आपण बसलोत या बाजूला अडकलेला." तिनं हात पुन्हा स्वतःच फिरवून पाहिला. १० ऑगस्ट १७६३. नदी फुगलेली. निजामअली सैन्य घेऊन पलीकडे गेलेला, त्याचा दिवाण अलीकडे राहिलेला, आणि मराठ्यांनी त्याला गाठलं. विठ्ठल सुंदर पडला. वेढ्यात सापडलेल्या राघोबादादांना पुतण्यानं सोडवलं. तेव्हा माधवराव अठरा वर्षांचे. आत्यानं पिशवीतून स्पीकर काढला आणि दोन गाठींचा पेनड्राईव्ह बोटांनी चाचपून लावला. नदीवर माझाच आवाज मला ऐकू यायला लागला. घाटावर कपडे धुणारी एक बाई हातातलं थांबवून ऐकत बसली. फाइल संपल्यावर म्हणाली, "पुढं काय झालं, बाई?" आत्यानं तिला पुढचं सांगितलं. तोंडपाठ, पंधरा मिनिटं.

परतीच्या वाटेवर गेवराई मागे पडल्यावर आत्या आपणहून बोलली. "तुझे मामा गेले त्या सालापासून मी शेवट वाचला नाही. त्याच्याआधी दोनदा वाचला होता, लई रडले होते. मग वाचवंना. रमा गेली त्याच्याबरोबर. लोक म्हणायचे, केवढं प्रेम. मला सकाळी उठून दोन लेकरांचं दूध तापवायचं होतं. माझं काय कमी होतं का गं?"

गाडीत कुणीच बोललं नाही. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला गेले, रमाबाई सती गेल्या, एवढं इतिहासात आहे. त्या दोघांचं बोलणं, रुसणं, एकमेकांकडे बघणं हे सगळं कादंबरीकाराचं. आणि वाचकानं त्या बोलण्यावरच जीव लावलाय. आत्यानंही. सतीपर्यंत पोचायच्या आधी ती दरवर्षी पुस्तक मिटत होती, आणि पुढच्या उन्हाळ्यात रमेला पुन्हा पहिल्या पानापासून जिवंत करत होती.

१२ जानेवारी २०२५ ला तिचा फोन आला. "आता वाच."

१९ जानेवारीला ८३ वी फाइल भरली. एका दमात, टाळी न वाजवता. सगळी मिळून एकोणीस तास वीस मिनिटं. संध्याकाळी चार गाठींचा पेनड्राईव्ह घेऊन गेले. आत्या खाटेवर मांडी घालून बसली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, आणि ऐकलं. मी तिच्याकडे न बघता वाट्यांकडे बघत होते. शेवटचा एक चिंचोका तिच्या मुठीत होता. फाइल संपली, स्पीकर फिरून पेनड्राईव्हच्या सुरुवातीला गेला आणि माझा आवाज म्हणाला, "फाइल क्रमांक चौसष्ट." तिनं तो बंद केला.

बराच वेळ गेला.

"शेवटाला घाई केलीस," ती म्हणाली. "तुला लवकर संपवायचं होतं. तसं नको. रमेच्या पानापासून पुन्हा वाच. हळू."

२१ जानेवारीच्या पहाटे साडेचारला मी वाकळ पसरली आणि ८३ वी फाइल पुन्हा भरायला बसले. ती आधीपेक्षा चार मिनिटांनी मोठी झाली आहे.